पाटी लावली, पण वाचतंय कोण?

या वेळी पत्रं तीनच घेतली आहेत. पहिल्यानेच निम्मी जागा खाल्ली, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ताई, आम्हा गच्चीवर बाग करणाऱ्यांचा गट आहे. व्हॉट्सॲपवर माहिती वाहून जाते, म्हणून तीन वर्षांपूर्वी भाड्याच्या सर्व्हरवर आमचं स्वतःचं मास्टोडॉन (ट्विटरसारखं, पण आपल्याच सर्व्हरवर चालवता येणारं सॉफ्टवेअर) टाकलं. सभासद १८०. दिवाळीपासून पान उघडायला वीस-वीस सेकंद लागतात, पहाटे तर बंदच पडतं. सर्व्हरवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या. मुलाने बॉटांना ‘येऊ नका’ सांगणारी रोबोट्सची ती फाइल टाकून दिली, तरी फरक नाही. कुणी हॅक केलंय का? — एक बागवाली, कोथरूड

उत्तर : हॅक नाही. आणि मोठा प्लॅन निदान हे वाचून होईपर्यंत घेऊ नका.

तुम्ही पाठवलेला तीन दिवसांचा लॉग, म्हणजे कुणी कधी काय मागितलं याची सर्व्हरची नोंदवही, मी रविवारी दुपारी ओळीने वाचला. तुमच्याकडे ‘पिठ्या ढेकूण’ या हॅशटॅगखाली एकूण २६ नोंदी आहेत. शुक्रवारी पहाटे तीन ते चार या एका तासात त्या २६ नोंदींची यादी अकराशेहून जास्त वेळा मागितली गेली. कोथरूडमध्ये इतक्या लोकांना पहाटे तीनला पिठ्या ढेकणाची चिंता लागली असेल तर महापालिकेला कळवायला हवं.

मागणाऱ्यांचे इंटरनेटवरचे पत्ते पाहावेत तर प्रत्येक वेगळा. एका पत्त्यावरून एक, फार तर दोन मागण्या. नाव सगळ्यांचं क्रोम, तेही चार-पाच वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचं. माणसाचा ब्राउझर आधी पान मागतो, मग चित्रं, फॉन्ट, आणि मग त्या पानातून एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांनी मजकूर मागायच्या मागच्या खिडकीला, हाक जाते. ही मंडळी दारातून आलीच नाहीत. थेट एपीआयला हात घातला आणि एक-एक पान मागे सरकत तुमच्या अगदी पहिल्या नोंदीपर्यंत जाऊन आली. हे स्क्रेपर बॉट. भाषेची मॉडेलं शिकवायला मजकुराचे ढीग लागतात, ते जमवणारे हे. घरोघरची इंटरनेट कनेक्शनं भाड्याने वापरतात, म्हणून पत्ता दर खेपेला नवा. ‘एका पत्त्यावरून मिनिटाला इतक्याच मागण्या’ हा तुमच्या सर्व्हरवाल्याने घातलेला लगाम त्यांच्या तोंडाला लागतच नाही.

मशीन दमतं ते जुन्या पानांमुळे. ताज्या नोंदी सर्व्हरच्या हाताशी असतात; सगळे तेच वाचतात, त्यामुळे एकदा काढलेलं पुन्हा पुन्हा वाढता येतं. दोन वर्षांपूर्वीची यादी कुणी मागितली की डेटाबेसला माळ्यावर चढावं लागतं. माणूस तिकडे क्वचित फिरकतो, बॉट मात्र माळ्यावरचंच सगळं मागतो. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचंही हेच दुखणं आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की त्यांना सगळ्यात महाग पडणाऱ्या ट्रॅफिकपैकी किमान ६५ टक्के बॉटांचा आहे. त्यांच्यापुढे तुमचे १८० बागकाम करणारे म्हणजे काहीच नाहीत.

आता मुलाने टाकलेली फाइल. ती म्हणजे पुणेरी पाटी आहे हो. ‘येथे गाड्या लावू नयेत, हवा सोडण्यात येईल.’ पाटीत जरब असते, पण हवा सोडायला माणूस खाली उतरावा लागतो. मार्टाइन कोस्टर यांनी ही रोबोट्सची पाटी १९९४ साली सुचवली. तेव्हा बॉट मोजके होते आणि त्यांच्या मालकांना एकमेकांची लाज होती. त्याचं रीतसर मानक झालं थेट २०२२ मध्ये, आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी तपासणारी यंत्रणा नव्हे. जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, सीसीबॉट यांच्यासारखे नाव सांगून येणारे असतात, त्यांच्यासाठी पाटी आहे आणि ती असू द्या. जीपीटीबॉटला नको म्हणणारी ओळ मास्टोडॉनमध्ये आधीपासूनच असते. तुमच्या लॉगमधला त्रास खोटं नाव सांगणाऱ्यांचा आहे. त्यांना पाटी काय आणि शिलालेख काय.

कुलूप लावायला गेलं की इथे एक वेगळीच अडचण येते, आणि त्यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून सविस्तर सांगते. तुमचं मास्टोडॉन एकटं नाही. ॲक्टिव्हिटीपब नावाच्या भाषेतून (२०१८ पासून ती वेबचं अधिकृत मानक आहे) ते इतर हजारो सर्व्हरांशी बोलतं. तुमच्या एखाद्या बाईंना सांगलीतून कुणी फॉलो करत असेल तर सांगलीच्या माणसाचा सर्व्हर तुमच्याकडे येऊन त्यांची नोंद घेऊन जातो. तोही यंत्रच. त्यालाही ब्राउझर नाही, तोही चित्रं-फॉन्ट मागत नाही. म्हणजे दारावर येणाऱ्या बिनचेहऱ्याच्या गर्दीत चोर आहेत आणि पोस्टमनही आहेत.

मी गेल्या वर्षी माझ्या छोट्या सर्व्हरपुढे अनुबिस बसवलं. शी आयासो यांनी जानेवारी २०२५ मध्ये काढलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. मेलेल्याचं हृदय तराजूत तोलणाऱ्या इजिप्तच्या देवाचं नाव दिलंय. आपल्याकडे चित्रगुप्त म्हटलं असतं. पान मागणाऱ्या ब्राउझरला ते एक गणित घालतं: हा मजकूर घे, त्याला एक आकडा जोड, एसएचए-२५६ या ठसा काढणाऱ्या सूत्रातून काढ, आणि सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिलेल्या उत्तराच्या सुरुवातीला चार शून्यं येईपर्यंत आकडे बदलत राहा. चार शून्यं मिळायला सरासरी ६५,५३६ वेळा प्रयत्न करावा लागतो. तुमच्या फोनला ते क्षणभराचं काम, आणि एकदा सुटलं की आठवडाभर पुन्हा विचारत नाही. पण दर मागणीला पत्ता बदलून लाखो पानं उचलणाऱ्याला प्रत्येक वेळी ते नव्याने सोडवावं लागतं, आणि वीज त्याची जळते. कल्पना जुनीच आहे. ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये ईमेलच्या कचऱ्यासाठी ती मांडली होती.

तर मी ते बसवलं, सरसकट सगळ्या दारांपुढे. संध्याकाळी आलेख पाहिला, मागण्या एकदम खाली. मी खूश. तिसऱ्या दिवशी साताऱ्याच्या मैत्रिणीचा फोन: “काय गं, रागावलीस का? तुझं काही येत नाही, माझंही तुला पोचत नाही.” तिचा सर्व्हर बिचारा माझ्या दारात गणिताचा कागद हातात घेऊन उभा होता. पोस्टमनला पाढे म्हणायला लावले होते मी.

म्हणून तुम्ही क्रमाने जा. आधी मास्टोडॉनच्या ॲडमिन पानावर लॉगिन न करता सार्वजनिक टाइमलाइन दिसू देण्याचं सेटिंग आहे, ते बंद करा. मग मुलाला सांगून सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लॉगिनशिवाय एपीआय न देण्याची ओळ घालायला लावा. तुमच्या पिठ्या ढेकणाची निम्म्याहून जास्त गर्दी इथेच आटपेल. याची किंमत आहे: गुगलवरून आलेल्या वाटसरूला तुमचं काही वाचता येणार नाही. कडुनिंबाच्या अर्काचं प्रमाण शोधत आलेली बाई रिकाम्या हाताने जाईल. हे मनाला लागत असेल तर सभासदांना विचारून ठरवा; मला विचाराल तर सध्या बंद ठेवा.

तेवढ्याने भागलं नाही तर अनुबिस, पण माणसांसाठीच्या पानांपुढे फक्त. इनबॉक्स, वेबफिंगर, नोडइन्फो (हे सर्व्हरांचे आपसातले दरवाजे), एपीआय, आणि ॲक्टिव्हिटीपबच्या भाषेतच उत्तर मागणाऱ्या सगळ्या मागण्या मोकळ्या सोडायच्या. बसवल्यावर दुसऱ्या सर्व्हरवरच्या ओळखीच्या माणसाला नोंद टाकायला सांगून ती येते का ते त्याच दिवशी पाहा, तिसऱ्या दिवसाची वाट नको.

ऑथराइज्ड फेच नावाची आणखी एक कडी आहे. ती लावली की येणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला सही करून नोंद मागावी लागते. तुम्ही ब्लॉक केलेल्यांना अडवायला ती छान, पण स्क्रेपरने स्वतःचाच एक सर्व्हर उभा केला तर तोही सही करू शकतो. आणि जे सांगलीला गेलं ते सांगलीच्या डिस्कवर आहे. तिथल्या दाराची काळजी तिथल्या माणसाने घ्यायची. बॉटांना खोट्या पानांच्या चक्रव्यूहात फिरवत ठेवणारी सॉफ्टवेअरंही निघाली आहेत, नेपेंथिस वगैरे. वाचायला मजा येते. पण तो चक्रव्यूह तुमच्याच भाड्याच्या मशीनवर रचायचा आहे, तेव्हा राहू दे. बॉट अडवून देणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली जाऊन बसणं हा सोपा मार्ग आहे, आणि चालतोही. फक्त मग व्हॉट्सॲपवरून बाहेर पडण्याची एवढी यातायात कशाला केली, हे आपल्या मनाशी विचारावं.

प्रश्न : मॅडम, तुम्ही ओपन हार्डवेअरवाल्या. ‘सर्किट लपवून ठेवणं म्हणजे भाजीची कृती लपवून खानावळ चालवणं’ हे तुमचंच वाक्य. मग कुणी वेबवरचा मजकूर उचलला तर एवढी ओरड का? खुलं म्हणजे सगळ्यांना खुलं ना? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : अरे, प्रश्न बरोबर नेमका विचारलास. छत्तीस वर्षं पॉलिटेक्निकात शिकवताना असे चार विद्यार्थी मिळाले असते तर बरं झालं असतं.

एक गोष्ट सांगते. निवृत्त झाल्यावर मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसाठी एक बोर्ड काढला. वरची टाकी भरत आली की खाली बेल वाजते, खालची रिकामी झाली की पंप बंद. पुण्यात गुरुवारी पाणी नाही म्हटल्यावर बुधवारी रात्री टाकी वाहून जाणं परवडत नाही, त्यातून सुचलेलं. किकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखला आणि सगळ्या फाइली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर परवान्याखाली मोकळ्या केल्या, त्यातल्या कडक प्रकाराखाली. म्हणजे करा, विका, बदला. पण बदललेलं विकलंत तर बदलाच्या फाइलीही मोकळ्या करा.

दीड वर्षाने तपकीर गल्लीत कनेक्टर घ्यायला गेले तर एका दुकानात काचेखाली तोच बोर्ड. माझाच हे कसं ओळखलं? पांढऱ्या शाईत छापलेल्या ‘टाकी’ या शब्दाचा काना माझ्याकडून पहिल्या आवृत्तीत राहून गेला होता. काचेखालच्या बोर्डावरही ‘टकी’. इतकं इमानदार डुप्लिकेट मी पाहिलेलं नव्हतं.

मला आनंदच झाला, खोटं का बोलू. पण तळाला छापलेल्या माझ्या ईमेलवर हडपसरच्या एका गृहस्थांनी आधीच एक खरमरीत पत्र पाठवलं होतं की दोन महिन्यांत तुमच्या सळया हिरव्या पडल्या, हा काय धंदा आहे, त्याचा उलगडा तिथे झाला. पाण्यातल्या सळयांमधून सतत एकाच दिशेने करंट गेला की त्या झिजतात, म्हणून माझ्या सर्किटमध्ये दिशा आलटून पालटून बदलते. दुकानदाराने तेवढे चार भाग गाळले होते. वाचले असतील पंधरा रुपये.

मी आत गेले. तो म्हणाला, “मॅडम, फाइल फुकट आहे ना, मग भांडता कशाला?” म्हटलं फाइल फुकटच आहे, पण काय काढलं ते लिहायला हवं होतं, आणि काढायला नको होतं. तो काही वाईट माणूस नव्हता. चहा मागवला. मग बिलाच्या पाठीवर पेनने काढून दाखवलं की माझा रिले या गल्लीत मिळत नाही, म्हणून त्याने दुसऱ्या पायांचा बसवलाय आणि त्यासाठी तांब्याची वाट रुंद केलीय. पाहिलं तर माझ्यापेक्षा ते बरं होतं. पुढच्या आवृत्तीत मी तेच घेतलं, काना घातला आणि आभारात त्याचं दुकान लिहिलं. गाळलेले चार भाग त्याने परत बसवले. दहा रुपये किंमत वाढवून, पण बसवले.

आता तुझा प्रश्न. माझा बोर्ड उचलणाऱ्याला मी आधी परवाना लिहून दिला होता. अटी होत्या, आणि त्या मोडल्यावर जाऊन भांडता येईल असं एक काउंटर होतं. फाइल एकदा उतरवून घेतली की माझं काही खर्चत नाही. बॉट फाइल एकदा नेत नाही, तेच पान अकराशे वेळा मागतो आणि त्याचं बिल कोथरूडच्या बायका भरतात. शिवाय सर्किट हे प्रसिद्ध करण्यासाठीच काढलेलं असतं. ‘सासूबाई गेल्यापासून तुळशीकडे बघवत नाही’ असं कुणी त्या गटात लिहिलं असेल, तर ते त्या गटातल्या बायकांसाठी लिहिलं, परवाना वगैरे देऊन नव्हे. दार लोटलेलं होतं म्हणून कुणी आत येऊन ते उतरवून नेलं, तर ‘दार उघडंच होतं’ हे काही उत्तर नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.

मास्टोडॉनच्या मुख्य सर्व्हरने जून २०२५ मध्ये नव्या अटींत मॉडेल शिकवण्यासाठी मजकूर उचलायला मनाई जाहीर केली. तीही पाटीच, पण वकिलाला दाखवता येते.

तुझ्या वाक्यातली एक गोष्ट मात्र मान्य करते. बॉट अडवणारी अनुबिससारखी सॉफ्टवेअरं स्वतः मुक्त आहेत, बॉट लिहिणाराही ती वाचू शकतो. म्हणून काही बिघडत नाही. कुलपाची रचना माहीत असून उपयोग नसावा, असंच कुलूप चांगलं. आणि एखाद्या रविवारी पाबळला विज्ञान आश्रमात जाऊन ये. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये उभा केलेला. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (कुणालाही वस्तू बनवून पाहता येईल अशा कार्यशाळांपैकी) एक तिथे २००२ पासून आहे. खुलं म्हणजे काय ते हातात घेऊन बघ.

प्रश्न : आदरणीय ताई, मला घरीच असा एक छोटा सर्व्हर ठेवायचा आहे, तोही ओपन हार्डवेअरवर. रास्पबेरी पाय चालेल ना? भारतीय चिपवर शक्य आहे का? — निवृत्त बँक अधिकारी, बिबवेवाडी

उत्तर : चालेल, पण रास्पबेरी पाय हा छोटा संगणक-बोर्ड ओपन हार्डवेअर नाही. वर लिनक्स चालतं म्हणून लोकांना तसं वाटतं. त्याच्या बोर्डच्या पूर्ण फाइली प्रसिद्ध नाहीत. व्याख्येप्रमाणे खुला म्हणायचा तर तुम्ही तो स्वतः पुन्हा बनवू शकाल इतकी माहिती मोकळी हवी. बीगलबोन ब्लॅक आणि बल्गेरियातल्या प्लॉव्हदिव्ह गावच्या ओलिमेक्सचे ओलिनुक्सिनो बोर्ड तसे आहेत. चिपच्या पोटातलं मात्र त्यांचंही बंदच. तेवढं पोटात घाला.

माझ्याकडे ए६४-ओलिनुक्सिनो आहे, बाल्कनीतल्या जुन्या रेडिओच्या खोक्यात. त्यावर मास्टोडॉन नाही, त्याच्याशी बोलू शकणारं हलकं गोटूसोशल चालतं. ते फार कमी मेमरीत भागवतं, आणि बॉटांना गणित घालण्याची सोय त्यात आतच आहे. दोन गोष्टींसाठी हा बोर्ड मला आवडतो. एक, त्याला मोबाइलसारखी लिथियम बॅटरी सरळ जोडता येते, त्यामुळे गुरुवारी वीज गेली तरी तो चालू राहतो. (राउटरला वेगळा मिनी यूपीएस लागतो, हे मला पहिल्या गुरुवारी कळलं.) दुसरं, गेल्या पावसाळ्यात तो एकाएकी मेला. सर्किटचा नकाशा मोकळा असल्यामुळे मल्टिमीटर घेऊन पाच व्होल्टच्या वाटेने बोट फिरवत गेले, एक भाग फुटलेला सापडला. बुधवार पेठेत पाच रुपयांना मिळाला. बंद बोर्ड असता तर कचऱ्यात गेला असता.

भारतीय चिपबद्दल: आपल्याकडे सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था म्हटलं की पुणं आणि १९९१ चा परम ८००० महासंगणक आठवतो, पण वेगा प्रोसेसर केले सी-डॅकच्या तिरुवनंतपुरमच्या मंडळींनी, आणि शक्ती आयआयटी मद्रासने. दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावर (चिपला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीवर), जो २०१० मध्ये बर्कलीत सुरू झाला. वेगाचे सहज मिळणारे एरीज बोर्ड मायक्रोकंट्रोलर वर्गातले आहेत. टाकीची बेल वाजवायला उत्तम, सर्व्हरला नाहीत. आणि एक लक्षात असू द्या, सूचनासंच खुला म्हणजे चिप खुली असं नव्हे. देवनागरी सगळ्यांची आहे, म्हणून कुणाची डायरी सगळ्यांची होत नाही.

मजकूर एसडी कार्डावर ठेवू नका, सततच्या लिखाणाने ती मरतात. छोटी एसएसडी घ्या. आणि इंटरनेटवाल्याकडे स्थिर पत्ता मागा. वर्षाचे थोडे पैसे पडतात, पण त्याशिवाय बाहेरच्या पोस्टमनला घर शोधणं अवघड जातं.

ता. क. अंक छापायला जाताना कोथरूडहून पुन्हा पत्र आलं. एपीआय बंद केल्यावर सर्व्हर ताळ्यावर आला, मुलाने हौसेने अनुबिसही बसवलं, इतर सर्व्हरांच्या नोंदी नीट येताहेत. पण त्यांच्यातल्या ७८ वर्षांच्या आजी जुन्या फोनवरून येतात, त्यांचा फोन गणित सोडवत बसतो आणि त्यांना वाटतं आपलंच काही चुकलं. काय करावं? चाराऐवजी तीन शून्यं ठेवा. सरासरी ४,०९६ प्रयत्न, म्हणजे सोळापट हलकं. बॉटांना थोडं सोपं जाईल. जाऊ दे.